सोमवार, बुधवार, शुक्रवार कुणी ठरवले?

गेल्या महिन्यात सोलापूरहून मामांचा फोन आला.

"तू डॉक्टर होणारेस ना? मग मला एक सांग."

"मामा, मी तसली डॉक्टर नाही हो. पीएचडीची डॉक्टर. मी फक्त प्लेटवर जंतू वाढवते."

"असू दे. चिठ्ठीचा फोटो पाठवलाय, तो बघ."

बघितला. अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम, सोम-बुध-शुक्र, सहा महिने. खाली व्हिटॅमिन आणि कफ पातळ करायचं औषध.

मामा ५८ वर्षांचे आहेत. तीस वर्षं यंत्रमागावर काढली. २००५ साली त्यांना टीबी झाला होता, पूर्ण कोर्स केला, बरे झाले. पण डाव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागातल्या श्वासनळ्या कायमच्या रुंद आणि सैल होऊन बसल्या. याला ब्राँकिएक्टॅसिस म्हणतात. अशा नळ्यांत कफ साचतो, साचलेल्या कफात जंतू वस्ती करतात, त्या जंतूंमुळे सूज येते आणि सुजेमुळे नळ्या आणखी खराब होतात. मधूनच सगळं उसळतं: कफ वाढतो, हिरवा होतो, दम लागतो, ताप येतो. शोधनिबंधांत या प्रकाराची मोजदाद करतात. मी या लेखात त्याला 'उसळी' म्हणणार आहे.

मामांचा प्रश्न साधा होता. "टीबीच्या गोळ्यापण सोम-बुध-शुक्रच होत्या. नंतर सरकारनंच सांगितलं की रोज घ्यायला पाहिजेत. मग आता परत तेच वार कसे काय? हा काय उपास आहे का?"

मला उत्तर देता आलं नाही. चार वर्षं अँटिबायोटिक्सवर काम करतेय, आणि 'हे वार कुणी ठरवले' हे मी कधी विचारलंच नव्हतं. म्हणून गेले तीन आठवडे या विषयावरच्या मुख्य ट्रायल्स पुन्हा वाचल्या, या वेळी फक्त वेळापत्रकाच्या बाजूने. जे सापडलं ते इथे मांडतेय. थोडं कौतुक आहे, बरीच टीका आहे.

(नेहमीची सूचना: हे वाचून कुणी गोळी सुरू करू नका आणि चालू असलेली बंदही करू नका. प्रश्न मात्र जरूर विचारा.)

आधी लाल डब्याची गोष्ट

मामांना आठवतोय तो लाल डबा. सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम १९९७ पासून सुरू झाला, त्यात पहिल्यांदा टीबी झालेल्या रुग्णाच्या नावाचा लाल डबा आरोग्य केंद्रात ठेवलेला असायचा. आठवड्यातून तीनदा जायचं आणि समोर गोळ्या गिळायच्या. पहिले दोन महिने प्रत्येक डोस समोर, पुढे आठवड्यातला पहिला डोस समोर आणि उरलेले घरी.

तीन दिवसच का? दोन कारणं होती. एक औषधशास्त्राचं: टीबीचा जंतू अतिशय सावकाश वाढतो, आणि औषधाचा फटका बसल्यावर पुन्हा वाढायला लागेपर्यंत त्याला वेळ लागतो. म्हणून मधे एक दिवस सोडला तरी चालेल असं चेन्नई आणि हाँगकाँगमधल्या जुन्या अभ्यासांतून दिसलं होतं. दुसरं कारण सोयीचं: रुग्णाला रोज केंद्रात बोलावण्यापेक्षा तीनदा बोलावणं सोपं. दोन्ही कारणं खरी होती. पण काळाच्या ओघात ती एकमेकांत मिसळली, आणि 'तीनदा पुरतं' हे वाक्य 'तीनदाच बरोबर' असं वाचलं जाऊ लागलं.

अडचण अशी की या खाड्यात चुकीला जागा उरत नाही. रोजच्या गोळीतली एक चुकली तर आठवड्याचा सातवा हिस्सा जातो. तीनातली एक चुकली तर तिसरा हिस्सा जातो, आणि मधली फट चार दिवसांची होते. पुढे चेन्नईच्याच राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेनं एचआयव्ही असलेल्या ३३१ टीबी रुग्णांवर सरळ तुलना केली: रोज, आधी रोज आणि मग तीनदा, किंवा पहिल्यापासून तीनदा. चांगला परिणाम अनुक्रमे ९१, ८० आणि ७७ टक्के रुग्णांत दिसला. रिफॅम्पिसिनला नव्याने प्रतिरोध तयार झाला तो फक्त तीनदा घेणाऱ्या गटात, चार जणांत. हा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. त्याआधीच, जानेवारी २०१७ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं रोजचे डोस सुरू करायला सांगितलं होतं आणि त्या वर्षाच्या अखेरीस देशभर बदल सुरू झाला.

म्हणजे मामांची शंका अडाणी नव्हती. त्यांनी एका वेळापत्रकाचा जन्म आणि मृत्यू दोन्ही बघितलेत.

यातून मी स्वतःसाठी एक प्रश्न तयार केला, आणि पुढचा सगळा लेख त्याच प्रश्नावर चालतो. कुठलंही वेळापत्रक दिसलं की विचारायचं: यातला खाडा औषधामुळे आहे, जंतूमुळे आहे की सोयीमुळे? आणि तो खाडा स्वतः कधी तपासला गेलाय का?

अझिथ्रोला खाडा का चालतो

औषधाच्या बाजूने बघितलं तर मामांना देण्यासारखं उत्तर आहे. शरीरातलं औषध निम्म्यावर यायला जो वेळ लागतो त्याला हाफ-लाइफ म्हणतात. अमॉक्सिसिलिनचा तासभर, म्हणून ते दिवसातून तीनदा. रिफॅम्पिसिनचा काही तास. अझिथ्रोमायसिनचा साधारण ६८ तास. शिवाय हे औषध रक्तात फार थांबतच नाही, ते पेशींच्या आत जाऊन बसतं, विशेषतः जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींत. सोमवारची गोळी बुधवारी अजून घरातच असते.

त्यामुळे टीबीतला खाडा आणि हा खाडा दिसायला सारखे असले तरी आतून वेगळे आहेत. तिथे औषध लवकर संपायचं आणि भरवसा जंतूच्या आळशीपणावर होता. इथे औषधच मुक्कामाला थांबतं.

पण एवढ्यानं फक्त 'खाडा चालू शकतो' एवढंच सिद्ध होतं. '५०० मिलिग्रॅम, तीनदा' हाच आकडा योग्य, हे त्यातून निघत नाही. तो आकडा कुठून आला?

ट्रायल्सनी विचारलेला प्रश्न वेगळाच होता

मूळ कल्पना जपानची. तिथे डिफ्यूज पॅनब्राँकिओलायटिस नावाचा एक जीवघेणा फुफ्फुसाचा आजार होता. १९८० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की एरिथ्रोमायसिनचा छोटा डोस (दिवसाला ४०० ते ६०० मिलिग्रॅम) महिनोन्‌महिने दिला की हे रुग्ण जगतात. पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण ९० टक्क्यांच्या वर गेलं. गंमत म्हणजे यातल्या अनेकांच्या कफात स्यूडोमोनास हा जंतू होता, आणि इतक्या डोसने तो मरतच नाही. मग फायदा कशाचा? जंतू मारण्याचा नसून सूज शांत करण्याचा आणि जंतूंची आपसातली संगनमतं मोडण्याचा असावा, असं मानलं गेलं.

इथून एक मोठा गुंता सुरू होतो. अँटिबायोटिकचा डोस आपण कसा ठरवतो? जंतूची वाढ थांबवायला किती औषध लागतं ते मोजायचं, आणि तेवढं पोचवायचं. मी रोज प्रयोगशाळेत हेच करते. पण औषध जंतू मारण्यासाठी दिलंच नसेल, तर ही मोजपट्टी निरुपयोगी. मग दुसरी मोजपट्टी हवी: सूज किती कमी होते, किती डोसला, किती दिवसांनी. आधी अशा पायऱ्या चढून डोस शोधायचा आणि मग मोठी ट्रायल करायची, हा शहाणा क्रम. या औषधाच्या बाबतीत मोठ्या ट्रायल्स झाल्या त्या एकेक डोस आधीच निवडून.

बघा कसे निवडले. २०११ मध्ये अमेरिकेत सीओपीडीच्या ११४२ रुग्णांवर मोठी ट्रायल झाली: २५० मिलिग्रॅम, रोज, एक वर्ष. २०१२ मध्ये न्यूझीलंडमध्ये ब्राँकिएक्टॅसिसच्या १४१ रुग्णांवर: ५०० मिलिग्रॅम, तीनदा, सहा महिने. २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये ८३ रुग्णांवर: २५० रोज, एक वर्ष. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ११७ रुग्णांवर अझिथ्रोऐवजी एरिथ्रोमायसिन दिवसातून दोनदा, एक वर्ष. २०१४ मध्ये पुन्हा नेदरलँड्स, सीओपीडीचे ९२ रुग्ण: ५०० तीनदा, एक वर्ष. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात दम्याचे ४२० रुग्ण: ५०० तीनदा, ४८ आठवडे.

सगळ्या ट्रायल्स चांगल्या. सगळ्यांत उसळ्या कमी झाल्या. मी यांच्या प्रामाणिकपणावर बोट ठेवत नाहीये. माझी पहिली तक्रार अशी: यातल्या प्रत्येकीनं तुलना केली ती प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या पण तशाच दिसणाऱ्या गोळीशी. एका वेळापत्रकाची दुसऱ्याशी तुलना यातल्या कुणीच केली नाही. 'हे औषध काहीच न देण्यापेक्षा बरं का?' या प्रश्नाला त्यांनी 'हो' म्हटलं. आपण ते उत्तर 'हेच वार, हाच डोस बरोबर' असं वाचतो. टीबीत जे झालं तेच. 'पुरतं'चं 'बरोबर' झालं.

आणि जरा बेरीज करा. २५० रोज म्हणजे आठवड्याला १७५०. ५०० तीनदा म्हणजे आठवड्याला १५००. ६८ तासांच्या हाफ-लाइफच्या औषधासाठी हा जवळपास एकच डोस झाला, फक्त वेगवेगळ्या दिवशी वाटलेला! म्हणजे चिठ्ठीवर जी दोन 'वेगळी' वेळापत्रकं दिसतात त्यांच्यात फरक फार थोडा. आठवड्याला ७५० ने भागलं असतं का? ब्रिटनच्या थोरॅसिक सोसायटीनं ब्राँकिएक्टॅसिससाठी सुरुवात २५० मिलिग्रॅम तीनदा अशी करायला सुचवलंय, म्हणजे अगदी तेवढंच. पण वर दिलेल्या अझिथ्रोच्या ट्रायल्सपैकी एकीतही हा डोस नव्हता. तो व्यवहारी अंदाज आहे. शहाणा अंदाज, पण अंदाजच.

एक उसळी टाळायला किती गोळ्या?

दुसरी तक्रार मांडायला मी एक घरगुती हिशोब केला. हा कुठल्या निबंधात नाही, त्यांच्याच आकड्यांवरून कागदावर मांडलाय.

अमेरिकेच्या सीओपीडी ट्रायलमध्ये प्लासिबो गटात माणशी वर्षाला १.८३ उसळ्या, औषधाच्या गटात १.४८. फरक ०.३५. वर्षाला माणशी ३६५ गोळ्या. म्हणजे एक उसळी टाळायला साधारण १०४० गोळ्या, २५० च्या. वजनात सुमारे २६० ग्रॅम अझिथ्रोमायसिन.

नेदरलँड्सच्या सीओपीडी ट्रायलमध्ये ३.२२ विरुद्ध १.९४. फरक १.२८. वर्षाला १५६ गोळ्या. एक उसळी टाळायला साधारण १२२ गोळ्या, ५०० च्या. वजनात सुमारे ६० ग्रॅम.

आजार तोच, आठवड्याचा डोस जवळपास तोच, कालावधी तोच. तरी औषधाचा खर्च चौपटीहून जास्त वेगळा. का? कारण नेदरलँड्सच्या ट्रायलमध्ये मागच्या वर्षात तीन किंवा जास्त उसळ्या आलेलेच रुग्ण घेतले होते. अमेरिकेत दार जास्त मोकळं होतं. (नेदरलँड्सची ट्रायल लहान आणि एकाच हॉस्पिटलातली होती, तेव्हा आकडा दशांशापर्यंत खरा मानू नका. दिशा बघा.)

अमेरिकेच्या ट्रायलचं पुढे आणखी विश्लेषण झालं, त्यात दिसलं की चालू सिगारेट ओढणाऱ्यांत औषधाचा फायदा जवळजवळ शून्य, आणि ६५ च्या पुढच्या रुग्णांत चांगला. पुन्हा तेच. गोळी कोणत्या वारी घेतली यापेक्षा ती कोण घेतंय यानं जास्त फरक पडला.

इथे मला आपल्या वाचण्याच्या सवयीवर टीका करायचीय, माझ्या स्वतःच्यासुद्धा. निबंधाचा सारांश वाचून आपण औषधाचं नाव, डोस आणि वार उचलतो, कारण ते चिठ्ठीवर लिहिता येतात. 'मागच्या वर्षात किती उसळ्या आल्या असतील तर' ही अट चिठ्ठीवर लिहिता येत नाही, म्हणून ती वाटेत गळून पडते. खरं तर तीच अट सगळ्यात महागाची. २०१७ च्या युरोपीय आणि २०१९ च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांत ती स्पष्ट होती: ब्राँकिएक्टॅसिसमध्ये वर्षाला तीन किंवा जास्त उसळ्या येत असतील तर या उपचाराचा विचार करा.

जिथे वेळापत्रकच तपासलं गेलं

तुम्ही म्हणाल, मग कुणी खाडा तपासलाच नाही का? श्वासावाटे घ्यायच्या अँटिबायोटिकमध्ये तसा एक प्रयत्न झाला, आणि तो फार बोलका आहे.

आधी पार्श्वभूमी. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात १९९९ मध्ये वाफेतून टोब्रामायसिन देण्याची मोठी ट्रायल झाली, ५२० रुग्णांवर. २८ दिवस औषध, २८ दिवस सुट्टी. सुट्टीत जंतूंचा प्रतिरोध उतरावा ही कल्पना. फायदा झाला, आणि '२८ चालू, २८ बंद' हे चक्र जणू नियमच बनलं. पुढे ब्राँकिएक्टॅसिसच्या ट्रायल्सनी ते तसंच उचललं. एका आजाराचं वेळापत्रक दुसऱ्याच्या अंगात घालताना जपून राहायला हवं होतं, कारण हा धडा आधी मिळाला होता: कफ पातळ करणारं डॉर्नेज अल्फा सिस्टिक फायब्रोसिसमध्ये उपयोगी ठरलं, पण १९९८ च्या ट्रायलमध्ये साध्या ब्राँकिएक्टॅसिसच्या रुग्णांना त्यानं उलट त्रासच झाला.

मग सिप्रोफ्लॉक्सासिनच्या कोरड्या भुकटीच्या दोन जुळ्या ट्रायल्स झाल्या, नाव रिस्पायर १ आणि रिस्पायर २, दोन्ही २०१८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. दोन्हींत दोन वेळापत्रकं ठेवली होती: १४ दिवस चालू १४ बंद, आणि २८ चालू २८ बंद. ४८ आठवड्यांत दोन्ही गटांना एकूण औषध सारखंच मिळणार, फरक फक्त खाड्याच्या लांबीचा. मला तर ही रचना वाचूनच आनंद झाला.

निकाल? रिस्पायर १ मध्ये १४ दिवसांच्या चक्रात पहिली उसळी यायला लागणारा वेळ ठळकपणे लांबला, २८ च्या चक्रात तसा ठाम फरक दिसला नाही. चला, सापडलं उत्तर! पण रिस्पायर २ मध्ये दोन्ही चक्रांत ठाम फरक दिसला नाही. या औषधाला अमेरिकेत मंजुरी मिळाली नाही.

बरेच लोक हे 'अपयश' म्हणून सांगतात. मला ते उलट वाटतं. फक्त पहिली ट्रायल झाली असती तर आज १४-१४ हे चक्र चिठ्ठ्यांवर आलं असतं आणि पुढे वीस वर्षं कुणी विचारलं नसतं. दुसरी झाली म्हणून कळलं की एका ट्रायलच्या निकालावर वेळापत्रक बांधणं किती कच्चं आहे. अझिथ्रोच्या वारांना अशी जुळी बहीण मिळालेली नाही.

बिल कुठे जातं

आतापर्यंत फायद्याच्या बाजूने बोललो. आता खर्च.

नेदरलँड्सच्या २०१३ च्या ट्रायलमध्ये अझिथ्रो घेणाऱ्यांत तपासलेल्या जंतूंपैकी ८८ टक्के औषधाला दाद न देणारे निघाले, प्लासिबो गटात २६ टक्के. अमेरिकेच्या ट्रायलमध्ये गंमतशीर चित्र होतं: औषध घेणाऱ्यांच्या नाका-घशात नवे जंतू कमी लोकांत बसले (१२ विरुद्ध ३१ टक्के), पण जे बसले त्यांत प्रतिरोध ८१ टक्के, समोर ४१ टक्के. म्हणजे पाहुणे कमी आले, पण आले ते दांडगे.

इथे तोच लांब हाफ-लाइफ उलटा फिरतो. औषध मुक्कामाला राहतं याचा अर्थ गोळी थांबवल्यावरही ते कितीतरी दिवस अपुऱ्या प्रमाणात रेंगाळतं, आणि अपुरं औषध ही प्रतिरोधी जंतूंची शाळाच. २००७ मध्ये २२४ निरोगी लोकांवर झालेल्या अभ्यासात अझिथ्रोचा फक्त तीन दिवसांचा कोर्स दिला, तरी तोंडातल्या स्ट्रेप्टोकोकस जंतूंमधला प्रतिरोध सहा महिन्यांनंतरही प्लासिबो गटापेक्षा जास्तच होता.

हे वाचून मी थांबलेच. कारण मामा चिठ्ठीच्या आधी काय करत होते? खोकला वाढला की मेडिकलमधून अझिथ्रोची पट्टी, तीन दिवस. वर्षातून चार-पाच वेळा. आपल्याकडे हेही एक वेळापत्रकच आहे, कुणी न लिहिलेलं, आणि लाखो घरांत चालू असलेलं. याची ट्रायल कुणी करणार नाही. आणि हेच औषध आपल्याला टायफॉइडसाठी लागतं, जिथे तोंडावाटे घ्यायचे पर्याय आधीच कमी होत चाललेत.

शेवटची तक्रार, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी. या ट्रायल्समध्ये मामांसारखा माणूस कुठे आहे? भारतातल्या ३१ केंद्रांतल्या २१९५ ब्राँकिएक्टॅसिस रुग्णांची नोंद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सगळ्यात मोठं कारण होतं आधी होऊन गेलेला टीबी, ३५.५ टक्के. न्यूझीलंड आणि नेदरलँड्समध्ये हा रुग्ण क्वचित भेटतो. टीबीनं कोरलेल्या फुफ्फुसात टीबीचे चुलतभाऊ, म्हणजे एनटीएम जंतू, वस्तीला येऊ शकतात. त्यांच्या उपचाराचा कणा म्हणजे हाच औषधगट. एनटीएम असताना एकटं अझिथ्रो महिनोन्‌महिने दिलं तर तो कणाच मोडतो. म्हणून सूचना सांगतात की आधी थुंकीत एनटीएम नाही ना ते बघा, ईसीजी काढा (हे औषध काहींच्या हृदयाची लय बिघडवू शकतं), ऐकू कमी येण्याची शक्यता समजावून सांगा.

ऐकण्यावरून आठवलं. अमेरिकेच्या ट्रायलमध्ये ऐकू कमी होण्याचं प्रमाण २५ विरुद्ध २० टक्के होतं. फरक छोटा वाटतो. पण त्या ट्रायलमध्ये आधीच कमी ऐकू येणाऱ्यांना घेतलंच नव्हतं. तीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला तो आकडा कसा लावायचा?

मामांचं काय झालं

पुढच्या रविवारी सोलापूरला गेले. सोमवारी मामांबरोबर डॉक्टरांकडे. मनात धाकधूक होती, 'भाची गूगल करून आली' असं व्हायला नको. पण डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं. मी तीनच गोष्टी विचारल्या: एनटीएम, ईसीजी, कान. त्यांनी तिन्ही तपासण्या लिहून दिल्या आणि मग स्वतः चौथा प्रश्न विचारला, जो मी विचारायला हवा होता. "गेल्या वर्षात नक्की किती वेळा वाढलं होतं?"

मामा म्हणाले, "पाच-सहा वेळा तरी."

मामींनी पिशवीतून घडी घातलेलं गेल्या वर्षीचं कालनिर्णय काढलं. त्यावर दुधाच्या आणि गॅसच्या नोंदींबरोबर प्रत्येक औषधाची नोंद होती. आम्ही तिघांनी मिळून मोजलं. पट्ट्या पाच. पण त्यातल्या तीन वेळा घरात सगळ्यांनाच सर्दी होती, मामांना ताप नव्हता, कफाचा रंगही बदलला नव्हता. खऱ्या उसळ्या दोन.

"तुम्ही आधी चारदा म्हणाला होतात, म्हणून मी हे लिहिलं होतं," डॉक्टर म्हणाले. चिठ्ठीवरची ओळ त्यांनी खोडली. तूर्त सोम-बुध-शुक्र नाही. रोज दोनदा कफ काढायचे श्वासाचे व्यायाम, फ्लूची लस, आणि पुढची उसळी आली तर गोळी घेण्याआधी थुंकी तपासणीला. मेडिकलमधून परस्पर पट्टी आणायची नाही. सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं. तीन झाल्या तर विचार करू.

ईसीजी ठीक आला. कानांच्या तपासणीत दोन्ही बाजूंना उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात असं निघालं, मामांना ते माहीतच नव्हतं. एनटीएमच्या कल्चरला काही आठवडे लागतात, तो रिपोर्ट यायचाय.

परत निघताना मामांनी विचारलं, "मग ते वार बरोबर होते की चूक?"

मी म्हटलं, "मामा, या औषधाला ते वार चालतात. पण तुम्हाला हे औषध आत्ता लागतंय की नाही, ते वारांवरून कळत नाही."

मामी नवीन कालनिर्णयावर 'व्यायाम सुरू' असं लिहीत होत्या.